नो-गो आत गेलं तेव्हा

भारत गांगुर्डेच्या वाट्याला झोप कमी आली होती आणि छंद लागला होता तो स्वप्नांचा. आता याला काय म्हणावं. कुणी नाणी जमवतं, कुणी कबुतरं पाळतं, हा बाबा आपला स्वप्नात जागं कसं राहावं याचा अभ्यास करत बसला होता. तोही अंबडच्या कंपनीत एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड शिफ्ट करून. थर्ड करून सकाळी सिडकोतल्या घरी यायचा, पडदा ओढून आडवा व्हायचा, की गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा सुरू. तो गेला की शेजारणीचा मिक्सर. अशा तुकड्यातुकड्यांच्या झोपेत त्याला स्वप्नं मात्र भरघोस पडत.

कंपनीत तो क्वालिटीला होता. ट्रॅक्टरला लागणारे बुश तपासायचे. बुश म्हणजे मधे भोक असलेलं लोखंडी कडं, दुसरं काही नाही. ते भोक मापात आहे की नाही हे बघायला प्लग गेज नावाची बोटभर पोलादी कांडी असते. तिचं एक टोक ‘गो’, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं टोक केसभर जाड, ते ‘नो-गो’, ते आत जाता कामा नये. गेलं, तर भोक मोठं झालंय, माल रिजेक्ट. सगळी शिफ्ट हेच. गो आत, नो-गो बाहेर, पुढचा. गो आत, नो-गो बाहेर, पुढचा. या कामाला डोकं लागत नाही असं लोक म्हणतात. भारतचं म्हणणं, लागत नाही म्हणूनच ते भलतीकडे पळतं.

त्याचं पळालं ते स्वप्नांकडे. कॅन्टीनमध्ये जेवताना मोबाइलवर त्याने एकदा काहीतरी पाहिलं आणि घास हातात धरून तसाच बसून राहिला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत एक माणूस झोपला होता. डोक्याला तारा लावलेल्या, गाढ झोप, स्वप्न चालू. आणि झोपण्याआधी जसं ठरलं होतं तसे त्याने स्वप्नातूनच डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून बाहेरच्यांना खूण केली, की मी आत आहे आणि हे स्वप्न आहे हे मला कळतंय. शरीर ओंडक्यासारखं पडलेलं आणि आत एक माणूस पूर्ण शुद्धीवर. भारतला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग त्याने वाचनालयातून इंग्रजी पुस्तक आणलं. बारावीला सुटलेलं इंग्रजी डिक्शनरी घेऊन पुन्हा धरलं आणि रडतखडत का होईना, ते पुस्तक संपवलं. इंग्रजीत अशा स्वप्नाला ल्युसिड ड्रीम म्हणतात. भारत आपला ‘जागतं स्वप्न’ म्हणायचा.

पुस्तकात युक्ती दिली होती. दिवसभरात अधूनमधून स्वतःला विचारायचं, मी आत्ता जागा आहे का? आणि उगाच हो म्हणून मोकळं व्हायचं नाही, तपासून बघायचं. कुणी हाताची बोटं बघतं, कुणी दुकानाची पाटी दोनदा वाचतं, कारण स्वप्नात अक्षरं बदलतात. ही सवय अंगात मुरली की माणूस स्वप्नातही तपासतो आणि चोरी पकडली जाते. भारतला वेगळी सवय लावून घ्यायची गरजच नव्हती. झिजून बाद झालेलं एक गेज त्याने सुपरवायझरला विचारून घेतलं, एक चांगला बुश घेतला आणि दोन्ही शर्टाच्या खिशात टाकले. बसस्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत, सासुरवाडीला पाटावर बसल्यावर, कुठेही. गो आत, नो-गो बाहेर. म्हणजे जागा आहे. त्याची बायको प्रतिभा, तिच्या माहेरच्यांनी तर जावयाला काहीतरी लागलंय असं ठरवूनही टाकलं होतं.

एका सकाळी ते जमलं. स्वप्नात तो बुशच तपासत होता, बिचाऱ्याला तिथेही ओव्हरटाइम, आणि नो-गो सहज आत गेलं. लोण्यात बोट जावं तसं. भारत थांबला. आजूबाजूला पाहिलं. वर पंखा फिरत होता, पात्यांवर काळी धूळ होती. बाजूला एक अनोळखी माणूस डबा उघडत होता आणि डब्यात गवारीची भाजी होती. हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे, हे त्याला कळलं, आणि आनंदाने छाती अशी धडधडली की जाग आली. त्या दिवशी तो दिवसभर एकटाच हसत होता, कारण कुणाला सांगता येत नव्हतं.

सांगितलं तर लोक एकच विचारायचे, उडता येतं का? शिफ्टमधला जोडीदार यादव आहेर रोज चहाला छेडायचा, ‘काय गांगुर्डे, आज कुठं जाऊन आलास? काश्मीर का गोवा?’ भारतला उडण्यात रस नव्हता. त्याला डाचत होतं ते वेगळंच. ती गवारीची भाजी कुणी केली? मीच. मग डबा उघडेपर्यंत मला पत्ता कसा नाही? माल आपल्याच कारखान्यात बनतो आणि क्वालिटीवाल्यालाच ठाऊक नाही, हे त्याला झोंबलं. मग तो स्वप्नातल्या माणसांची परीक्षा घ्यायला लागला. एकदा स्वप्नात यादव भेटला. भारतने विचारलं, तुझी सासुरवाडी कुठली रे? यादव ठामपणे म्हणाला, ‘घोटी.’ दुसऱ्या दिवशी खऱ्या यादवला विचारलं तर तो म्हणाला, ‘दिंडोरी. का? कुणासाठी पोरगी बघतोस?’ असं बऱ्याचदा करून भारतने निकाल काढला. आपल्याला जेवढं माहीत, तेवढंच स्वप्नातल्या माणसांना माहीत. बाकीचं ते बिनधास्त ठोकून देतात. हा निकाल त्याचा स्वतःचा होता हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो स्वतःच विसरला.

उन्हाळ्यात आबांना पॅरालिसिसचा झटका आला. आबा म्हणजे सावळीराम गांगुर्डे, भारतचे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. चालू राहिला तो डावा हात. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कानाशी मोठ्याने सांगून पाहिलं, ‘बाबा, डोळे मिटा. बाबा, माझा हात दाबा.’ आबा छताकडे बघत राहिले. ‘समज फारशी राहिलेली दिसत नाही,’ डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आबांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्याबद्दल मात्र त्यांच्यादेखत सगळं बोललं जायचं.

घरी पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांची कॉट लावली. नाकातून पोटात गेलेली नळी, त्या नळीतून वेळच्या वेळी पातळ पेज, दूध, औषधं. आणि आबा काय करायचे, तर डाव्या हाताने ती नळी ओढून काढायचे. काढली की रिक्षा, दवाखाना, नवी नळी, नाकातून रक्त. थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. शेवटी प्रतिभाने जुन्या चादरीची, आत कापूस भरलेली एक पिशवी शिवली. ती आबांच्या डाव्या हातात चढवायची आणि मनगटाला नाडी बांधायची. शिवताना ती रडली. रडून झाल्यावर उरलेली शिवली. करणार काय.

डॉक्टर म्हणाले, हे असंच चालणार असेल तर पोटाला छेद देऊन तिथूनच नळी घालू. येवल्याजवळच्या गावी राहणारा धाकटा भाऊ महेश फोनवर म्हणाला, ‘जय भीम, भाऊ. राग नको मानू. आबा स्वतःच्या हातानं नळी काढून टाकतात, तरी तुला कळत नाय का? त्यांना नको हाय आता हे. गावाकडं घेऊन येऊ, नळी नाय न् काय नाय. लय हाल झाले रे त्यांचे.’ महेश दुष्ट नव्हता. लहानपणी आबांच्या मांडीवरून उठायचा नाही असा पोरगा, म्हणूनच त्याचं बोलणं भारतच्या छातीत अडकून बसलं. रविवारी महेश गाडी घेऊन येणार होता. त्याआधी भारतने ठरवायचं होतं, पोटाला छेद की गावची वाट. म्हणजे आबांना जगायचंय की नाही, एवढाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर ज्यांच्यापाशी होतं ते छताकडे बघत पडलेले.

थकवा म्हणाल तर असा, की नवराबायकोला एकमेकांवर चिडायलाही जोर उरला नव्हता. ‘पेज दिली?’ ‘दिली.’ ‘कूस बदलली?’ ‘बदलली.’ एवढाच संसार राहिला होता. भारत शिफ्टमध्ये उभ्याउभ्या पेंगायचा. प्रतिभा तर पोळी लाटता लाटता थांबायची आणि आपण कशासाठी थांबलो हेच तिला आठवायचं नाही.

मग याने काय करावं? स्वप्नात आबांना विचारायचं ठरवलं. स्वप्नातला घोटीचा यादव तो साफ विसरला. रोज झोपताना मनाशी घोकायचा, आबा भेटले की विचारायचं. आणि एका सकाळी नो-गो आत गेलं. वर्कशॉपच्या दारात आबा उभे होते, आपल्या दोन्ही पायांवर, ग्रीसचे हात फडक्याला पुसत. भारतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने विचारलं, ‘आबा, नळी का काढता?’ आबा म्हणाले, ‘पुरे झालं रे भारत. लय कंटाळा आला.’

उठल्यावर त्याने तोंडावर पाणी मारलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने प्रतिभाला सगळं सांगितलं. ती पेज गाळत होती. गाळणं खाली न ठेवता तिने विचारलं, ‘कंटाळा आबांना आलाय, की तुम्हाला?’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ‘मलाही आलाय. खोटं कशाला बोलू? पण माझा कंटाळा मी त्यांच्या तोंडी नाही घालत.’

बरोबर होतं तिचं. स्वप्नातल्या आबांना भारतला माहीत तेवढंच माहीत होतं, आणि त्या दिवसांत भारतला कंटाळ्याशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. एवढ्या आवडीने केलेला अभ्यास, एवढी पानं डिक्शनरी घेऊन वाचलेली, आणि जेव्हा खरी गरज पडली तेव्हा आत सापडला तो स्वतःच. त्याला स्वतःची लाज वाटली आणि छंदाचा राग आला. तरी गेज खिशातच राहिलं, कारण सवय.

रविवार एका दिवसावर आला. थर्ड शिफ्ट संपत आली असताना मशीनचं काहीतरी बिघडलं आणि बुशची भोकं मोठी यायला लागली. झालेला सगळा माल पुन्हा तपासायचा. भारतची बोटं सुजून आली. त्याने एक रिजेक्ट बुश खडूने खूण करून सुपरवायझरला नेऊन दाखवला, थोडी वादावादी झाली, मशीन बंद केलं, तेवढ्यात फर्स्टवाले आलेच. टेबलावरचं आपलं सामान खिशात कोंबून तो कसाबसा बसमध्ये बसला आणि घरी आला.

प्रतिभाने चहा दिला. कपबशी आबांच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली, रोज ठेवायची तशीच. त्या घरात बसायला दुसरी जागा नव्हती. चहा, वर्तमानपत्र, फोन, सगळं आबांच्या उशाशीच चालायचं. ‘गच्चीवर कपडे टाकून येते, लक्ष ठेवा,’ म्हणून ती बादली घेऊन गेली. भारतने चहा बशीत ओतला आणि निवेपर्यंत जरा डोळे मिटले. लागलाच डोळा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा खोली तीच होती, पण जरा जास्तच लख्ख दिसत होती. आबांच्या पांघरुणावर ऊन पडलं होतं. बाहेर भंगारवाला नाही, मिक्सर नाही, काही नाही. सिडकोत एवढी शांतता? भारतचा हात सवयीने खिशात गेला. बोटांनीच त्याने गेज बुशात सारलं. गो आत गेलं. उलटं केलं. नो-गोही आत गेलं.

त्याने पुन्हा करून पाहिलं. गेलंच. अच्छा, म्हणजे स्वप्न आहे, तो मनात म्हणाला, आणि त्याला केवढं हलकं वाटलं. स्वप्नात नळी निघाली तरी रिक्षा बोलवायची नाही. स्वप्नात काही चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्याने खुर्ची कॉटला टेकवली, पिशवीची नाडी सोडली आणि आबांचा हात मोकळा केला. बोटं घामाने पांढरी पडून सुरकुतली होती. त्याने ती हळूहळू चोळली. मग सरळ विचारलं, कट्ट्यावर बसून गप्पा माराव्यात तसं. ‘आबा, नळी का काढता तुम्ही? कंटाळा आलाय का जगायचा? खरं सांगा. मी काही मनाला लावून घेणार नाही.’

आबांनी हात उचलला. आता तो नाकाकडे जाणार आणि नळी धरणार, हे भारतला ठाऊक होतं. स्वप्नात आपल्याला ठाऊक असतं तेच होतं. पण हात नाकाकडे गेलाच नाही. तो थरथरत कॉटच्या कडेवरून खाली आला, स्टुलावर चाचपडला, बशीपाशी थांबला. एक बोट चहात बुडालं. मग ते बोट थेंब सांडत तोंडाकडे गेलं आणि आबांनी ते चोखलं. गळ्यातला कंठमणी वर गेला, खाली आला.

भारतने बशीकडे पाहिलं. हे त्याने बनवलेलं नव्हतं. इतके दिवस आबांचाच विचार करत होता, पण चहा हा शब्द त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. स्वप्नातल्या आबांनी ग्रीसचे हात पुसले होते, पण त्यांच्या हातात चहाचा ग्लास नव्हता. खऱ्या आबांना वर्कशॉपवर बिनग्लासाचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

दारात बादली आपटली. ‘अहो, पिशवी का सोडलीत?’

प्रतिभा उभी होती. भारतने तिच्याकडे पाहिलं. ‘प्रतिभा, मी झोपलोय का?’

‘झोपायला सवड कुठंय तुम्हाला,’ ती म्हणाली आणि आबांचा हात धरायला धावली. तिच्या ओल्या हातांचं गार पाणी भारतच्या मनगटावर उडालं. त्याने खिशातून बुश काढून उजेडात धरला. कडेला पुसट झालेली खडूची खूण होती. रिजेक्ट माल. त्याचा रोजचा चांगला बुश कंपनीत टेबलावरच राहिला होता आणि गडबडीत हा खिशात आला होता. गेज रोजचंच होतं, बुश खराब होता आणि भारत गांगुर्डे टक्क जागा होता. जागेपणी त्याने बापाला विचारलं होतं आणि बापाने उत्तर दिलं होतं.

‘थांब,’ तो प्रतिभाला म्हणाला. ‘हात नको धरू. बघ नुसतं.’

आबांचं बोट पुन्हा बशीकडे निघालं होतं. ‘ठसका लागेल हो,’ प्रतिभा पुटपुटली, पण तिने हात मागे घेतला. बोट बुडालं, तोंडात गेलं, थेंब गिळला गेला. ठसका लागला नाही. ती तिथेच जमिनीवर बसली.

‘रोज इथंच बसून पितो आपण,’ ती म्हणाली. ‘आलं घालून. त्यांच्या नाकासमोर.’ तिने सोडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘तोंडाला चव हवी होती त्यांना. नळी मधे येत होती, म्हणून काढत होते. आणि आपण हात बांधले.’

‘महेशला फोन करतो,’ भारत म्हणाला. ‘उद्या ये म्हणावं, पण आबांना न्यायला नको. आणि डॉक्टरांना दाखवू, नीट गिळता येतंय का बघतील ते.’

‘म्हणजे आता चमच्याने भरवायचं.’ प्रतिभाने पदराने तोंड पुसलं. ‘एकेका वाटीला तास जाईल.’

‘जाईल.’

‘कोण भरवणार?’

‘थर्डला असलो की सकाळी मी,’ भारत म्हणाला. म्हणजे उरलीसुरली झोपही गेली, हे त्याला म्हणता म्हणताच कळलं. डोळे चुरचुरत होते, पाठ मोडून आली होती. थकवा होता तिथेच होता. फक्त आता तो कशासाठी आहे ते माहीत झालं होतं.

तो आबांकडे वळला. स्वप्न समजून जे धडाधड विचारलं होतं, ते जागेपणी ओठांवर येईना. इतके महिने त्याने बापाला एक शब्द विचारला नव्हता आणि आता विचारायचं तर भीती वाटत होती, छताकडेच बघत राहिले तर? शेवटी साधाच प्रश्न बाहेर पडला.

‘आबा, अजून हवाय?’

आबांची नजर छतावरून निघाली, हळूहळू खाली आली आणि त्याच्या तोंडावर थांबली. मग त्यांनी डोळे मिटले, चांगले घट्ट मिटले, आणि उघडले. भारतने बशी जवळ ओढली.